रकाना कुणी आखला? आकडेवारीची बाराखडी आणि जातजनगणना

४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणाचा निकाल दिला आणि 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द गावच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. त्याआधी २००६ साली एम. नागराज खटल्यात पदोन्नतीतील आरक्षणासाठी मोजता येणारी आकडेवारी मागितली गेली होती. १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी मिळाली, तिथेही आधार आकडेवारीचाच हवा असे सांगितले गेले. म्हणजे गेली वीस वर्षे बहुजनांच्या प्रत्येक हक्कापुढे एकच अट उभी आहे: आधी आकडा दाखवा. आणि आकडा जमवण्याची यंत्रणा कुणाच्या हातात? ज्यांच्याकडे हक्क मागायचा त्यांच्याच.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केला. १ मार्च २०२७ ही त्या गणनेची संदर्भ तारीख आहे. आमच्या चळवळीतले बहुतेक कार्यकर्ते या निर्णयाच्या बाजूने किंवा विरोधात भाषणे देण्यात गुंतले आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. प्रश्नावली दारात येण्याआधी समाजाला आकडेवारीची बाराखडी आली पाहिजे. संख्याशास्त्र हा कॉलेजातला एक रुक्ष पेपर म्हणून बाजूला टाकण्याची चैन आम्हाला परवडणारी नाही.

नाव, क्रम आणि संख्या

माहितीचे मुख्य प्रकार दोन: गुणात्मक आणि संख्यात्मक. धर्म, जात, मातृभाषा, जिल्हा ही गुणात्मक माहिती. उत्पन्न, जमीन, वय, शाळेत घालवलेली वर्षे ही संख्यात्मक माहिती. गुणात्मक माहितीचे पुन्हा दोन पोटप्रकार आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे.

पहिला पोटप्रकार म्हणजे नुसती नावे. मराठी, तेलुगू, गोंडी ही भाषांची नावे आहेत. त्यांना संगणकासाठी १, २, ३ असे अंक दिले तरी ३ हा १ पेक्षा मोठा होत नाही, आणि त्या अंकांची सरासरीही काढता येत नाही. दुसरा पोटप्रकार क्रमवाचक. सरकारी नोकरीतले गट अ, ब, क, ड घ्या. इथे वरचा-खालचा असा क्रम खरोखर आहे, मात्र अ आणि ब मधले अंतर क आणि ड मधल्या अंतराइतकेच आहे असे म्हणता येत नाही.

आता जात कोणत्या प्रकारात बसते? माणूस म्हणून पाहाल तर ते फक्त नाव आहे. महार, मांग, चांभार, माळी, मराठा, ब्राह्मण या नावांमध्ये निसर्गाने कोणताही क्रम ठेवलेला नाही. मनुस्मृतीने नेमके हेच केले: नुसत्या नावांना क्रम चिकटवला आणि तो क्रम धर्म म्हणून खपवला. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती संख्याशास्त्राच्या भाषेत नावांच्या यादीची केलेली उतरंड आहे. जातीची नोंद घेतली म्हणून ही उतरंड तयार होत नाही. ती आधीपासून आहे. नाव आणि त्याच्यासमोर जमीन, पगार, शिक्षण असे दोन्ही रकाने शेजारी ठेवले की ती कागदावर दिसू लागते, एवढेच. म्हणूनच तो कागद अनेकांना नको असतो.

व्याख्या बदलली की आकडा बदलतो

नावांच्या रकान्याला दोन नियम लागतात. प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका नोंदीत बसला पाहिजे, आणि एकाच माणसाची गणना दोन नोंदींत होता कामा नये. हे नियम मोडले की काय होते, याचे दोन धडे आपल्याच राज्यात आहेत.

१९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. १९९१ साली ते सुमारे ११ टक्के झाले. दहा वर्षांत काय दलितांच्या घरी इतकी मुले जन्मली? नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना दिला होता. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला, पण बौद्धांना केंद्राच्या यादीत जागा मिळायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे १९६१, १९७१ आणि १९८१ या तीन जनगणनांमध्ये ज्यांनी आपला धर्म बौद्ध असा लिहिला ते अनुसूचित जातींच्या आकड्यातून गायब होते. माणसे तीच, वस्त्या त्याच, विहिरीवरची वागणूकही तीच. बदलली ती फक्त रकान्याची व्याख्या. आणि राखीव मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात, हे इथे विसरू नये.

दुसरा धडा २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेचा. त्यातील जातींची आकडेवारी आजवर प्रसिद्ध झाली नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकार ती मागायला सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की देशभरातून ४६ लाखांहून अधिक वेगवेगळ्या नोंदी आल्या. १९३१ च्या जनगणनेत ही संख्या ४,१४७ होती. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून यादीत ४९४ नावे, पण गणनेत निघाल्या ४ लाख २८ हजारांवर. देशाला अंतराळात यान पाठवता येते आणि जातींची यादी करता येत नाही, हे आम्ही मान्य करायचे का? जात, पोटजात, आडनाव, कूळ, गोत्र, जे सांगितले ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि आधी सांकेतिक यादी दिली नाही, तर दुसरे काय होणार? एकाच जातीची नावे वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिली गेली की प्रत्येक स्पेलिंग वेगळी जात ठरते. हा दोष जनतेचा नव्हे, प्रश्नावलीचा. आणि तोच दोष पुढे करून आकडे दडपले गेले.

छेद कुठे आहे?

कुणी नुसता आकडा सांगितला की आपण विचारायचे: किती जणांपैकी? हा खालचा आकडा, म्हणजे छेद, जो लपवतो तो फसवतो.

हे आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवले आहे. १२ मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी चार वर्गांची तुलना मांडली. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी किती? प्रगत हिंदू ११९, मुसलमान ९२, मध्यम वर्ग ३८ आणि मागासवर्ग १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखामागे अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४. महाविद्यालयात दर दोन लाखांमागे १०००, ५२, १४ आणि मागासवर्गाचे जवळजवळ शून्य. लोकसंख्येत मागासवर्ग दुसऱ्या क्रमांकावर होता, शिक्षणात शेवटच्या.

या मांडणीकडे नीट पाहा. प्राथमिक पातळीवर प्रगत हिंदू आणि मागासवर्ग यांच्यातला फरक साडेसहा पटींचा, माध्यमिक पातळीवर दोनशे पटींहून अधिक. म्हणजे गळती वरच्या पायरीवर वाढत जाते. शाळेत किती मुले आली एवढेच सांगितले असते तर हे कधीच दिसले नसते. दर हजारी आणि दर लाखी हिशेब मांडल्यामुळे सरकारला तोंड लपवायला जागा उरली नाही. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. दोन्ही आकडे माणशी, म्हणून तुलना खरी.

आता आजचे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले आहेत. सर्वाधिक उत्तर प्रदेशात, १५,३६८. राजस्थानात ८,७५२. पण अनुसूचित जातींच्या लोकसंख्येने भागले तर उत्तर प्रदेशात लाखामागे सुमारे ३७ आणि राजस्थानात सुमारे ७२ गुन्हे येतात. क्रम उलटा झाला. इथे दोन सावधगिऱ्या हव्यात. एक, हा छेद २०११ च्या जनगणनेचा आहे, कारण त्यानंतर गणनाच झालेली नाही. दोन, हा अत्याचारांचा आकडा नव्हे, नोंदवलेल्या गुन्ह्यांचा आकडा आहे. ज्या तालुक्यात पोलीस तक्रारच घेत नाहीत, तो तालुका कागदावर सर्वांत शांत दिसतो. म्हणून आकडा कमी आहे हे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी तो कुणी आणि कसा नोंदवला हे विचारा.

सरासरीची झूल

दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलेले अनेकांना आठवत असेल. समजा एका वस्तीत दहा कुटुंबे आहेत. नऊ जणांकडे एकेक एकर आणि एकाकडे ९१ एकर. एकूण शंभर एकर, सरासरी दहा एकर. सरकारी अहवाल म्हणेल, गाव सुखी आहे. पण दहाही कुटुंबे चढत्या क्रमाने उभी करून मधले कुटुंब पाहिले, म्हणजेच मध्यक काढला, तर उत्तर एक एकर येते. दरडोई उत्पन्नाचे कौतुक ऐकताना हे गाव डोळ्यांसमोर ठेवावे.

सरासरी आमच्यातलेही भेद झाकते, हे सांगायला आम्ही कचरत नाही. २०११ साली देशाची साक्षरता ७३ टक्के आणि अनुसूचित जातींची सुमारे ६६ टक्के होती. पण त्या ६६ च्या पोटात पुरुष ७५ आणि स्त्रिया ५६ टक्के आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ५९ अनुसूचित जाती आहेत. त्या सगळ्या एकाच पायरीवर उभ्या आहेत असे कोण म्हणेल? उपवर्गीकरणाला पाठिंबा असो की विरोध, जातनिहाय आकडे हाती न घेता होणारा वाद म्हणजे अंधारात मारलेल्या काठ्या. त्या आपल्याच भावांना लागतात.

आडनावावरून जात

सगळ्यांना मोजणे म्हणजे गणना, आणि त्यातल्या काहींना मोजून सगळ्यांविषयी अंदाज बांधणे म्हणजे नमुना पाहणी. नमुना वाईट नसतो. भाताचे एक शीत चाचपून भात शिजला की नाही हे कळते, पण पातेले नीट ढवळलेले असेल तरच. २०२२ साली बांठिया आयोगाने राज्यातील ओबीसींचे प्रमाण ३७ टक्के सांगितले. मतदारयाद्यांतील आडनावांचा त्यात आधार घेतला होता. महाराष्ट्रात जाधव, पवार, मोरे, गायकवाड ही आडनावे किती जातींत आहेत हे शाळेतले पोरही सांगेल. आडनाव हे जातीचे माप नाही. चुकीच्या मापाने कितीही लाख नावे मोजली तरी चूक कमी होत नाही, फक्त ती अधिक अधिकृत दिसते.

आपल्या घरातला आक्षेप

आता सर्वांत अवघड प्रश्न. आमचेच अनेक बांधव म्हणतात, आम्ही १९५६ साली जात सोडली, आता पुन्हा जातीचे नाव का सांगायचे? या भावनेचा आम्ही आदर करतो. पण नियम समजून घ्या. अनुसूचित जातीत गणना व्हायची तर राज्याच्या यादीतले नाव सांगावे लागते. 'दलित', 'हरिजन' अशी मोघम नावे तिथे चालत नाहीत. त्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, कारण बौद्ध ही जात नव्हेच. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात यादीतले नाव, अशा दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पहिले उत्तर आपण कोण आहोत ते सांगते. दुसरे उत्तर व्यवस्थेने आपल्याला कुठे ठेवले होते ते सांगते. दुसरे गाळले तर जात नष्ट होत नाही. फक्त १९८१ सारखे आपण पुन्हा आकड्यातून नष्ट होतो.

'मोजल्याने जातीयवाद वाढेल' म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे: १९५१ पासून प्रत्येक जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. मग बाकीच्यांना मोजतानाच देशाची एकता कशी धोक्यात येते?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जातींची सांकेतिक यादी गणनेआधी जाहीर करा आणि त्यावर हरकती मागवा. जातीसोबत जमीन, नोकरी, शिक्षण यांचे आकडे जोडून प्रसिद्ध करा. आकडे तालुका पातळीपर्यंत खुले करा, आणि २०११ सारखे कपाटात ठेवू नका. आणि कार्यकर्त्यांनो, आपलेही काम आहे. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात एक रविवार या विषयासाठी काढा. प्रगणकाने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगा. स्त्रियांना आणि वृद्धांना हे दोन रकाने आधीच समजावून सांगा.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले तेव्हा त्यात हिशेब शिकणेही आले. ज्या समाजाला स्वतःची संख्या मांडता येत नाही, त्याचा वाटा दुसरेच ठरवतात.

जय भीम!