वाळवंटातली लिफ्ट

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन, आणि शनिवारी दोस्ताच्या गाडीत बॅगा टाकून सुसाट! आपल्या सगळ्यांचं हेच स्वप्न ना? गिल्बर्ट बोवेन आणि रॉय कॉलिन्सचंही तेच होतं. बायका-मुलं घरी, मासे पकडायचा बेत आणि समोर मोकळा रस्ता. वाटेत गाडी बंद पडलेला एक माणूस दिसतो. बिच्चारा! हे त्याला लिफ्ट देतात. थोड्याच वेळात मागच्या सीटवरून पिस्तूल रोखलं जातं.

सिनेमा ‘द हिच-हायकर’, साल १९५३, लांबी जेमतेम ७१ मिनिटं. फिल्म न्वार म्हटलं की डोळ्यांसमोर येतात रात्रीचे ओले रस्ते, लांब सावल्या आणि सिगरेटचा धूर. दिग्दर्शिका आयडा लुपिनोने ही सगळी भीती उचलली आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली. लपायला झाड नाही, ओरडलं तरी ऐकायला माणूस नाही. हो, दिग्दर्शिकाच! पुरुषांच्या त्या हॉलिवूडमध्ये हा अस्सल ‘पुरुषी’ थरारपट एका बाईने केलाय.

गोष्टही हवेतली नाही. बिली कुक नावाच्या तरुणाने १९५०-५१ मध्ये सहा जणांचे जीव घेतले, दोघांना ओलीस धरून तो मेक्सिकोत पळाला आणि सांता रोसालियात पकडला गेला. डिसेंबर १९५२ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. पडद्यावर तो झालाय एमेट मायर्स. विल्यम टॉलमनने काय साकारलाय! त्याच्या एका डोळ्याची पापणी मिटतच नाही. त्यामुळे रात्री तो झोपलाय की जागा आहे, हे त्या दोघांना कळतच नाही. पळणार कसे?

पण खरी कळ वेगळीच आहे. मायर्स त्यांना हिणवतो, की तुम्ही एकमेकांचा विचार करता म्हणून अडकलात. एकाने दुसऱ्याला टाकलं असतं, तर तो कधीच सुटला असता. त्याच्या हिशेबात दोस्ती म्हणजे दुबळेपणा. आणि गंमत बघा, हिशेब चुकीचाही नाही! तरी ते दोघं तो मानत नाहीत. चिडतात, खचतात, एकमेकांवर खेकसतात, पण सोडून जात नाहीत.

इथे मी सिनेमा पॉज केला. आमचा एक प्रोजेक्ट बुडाला होता, तेव्हा मीटिंगमध्ये सगळं खापर माझ्या मित्रावर फुटलं. अर्धी चूक माझी होती. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून गप्प बसलो. माझ्यावर तर कुणी पिस्तूलही रोखलं नव्हतं!

शेवट सांगणार नाही, तो बघाच. सिनेमा संपल्यावर मी त्या मित्राला फोन लावला. तीन वर्षांनी. रिंग वाजत राहिली, त्याने उचलला नाही.

या वीकेण्डला पुन्हा लावणार आहे.