चरबीचा शेरा आणि पाण्याचा हिशेब

संपादक महाशय,



आमच्या शहरातील एका महाविद्यालयाने नुकतीच विद्यार्थ्यांची आरोग्यतपासणी करवून प्रत्येकाच्या हाती शरीरातील चरबीचे प्रमाण नमूद केलेली चिठ्ठी दिली. आणि माझी नात, जी सकाळी सातच्या बसने निघून दुपारी दीडपर्यंत पाण्याचा घोटही न घेता चरबी मोजणाऱ्या यंत्रावर अनवाणी उभी राहिली होती, ती ‘स्थूल’ असा शेरा घेऊन घरी परतली. शरीरक्रियाशास्त्र शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्यास या शेऱ्याविरुद्ध तक्रार गुदरणे भाग आहे.

मजकूर यंत्र चरबी मोजतच नाही. तळपायांतून अतिसौम्य विद्युत्प्रवाह सोडून त्यास होणारा रोध ते मोजते, त्यावरून अंगातील पाण्याचा अंदाज बांधते, आणि चरबी वगळता उरणाऱ्या देहात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे गृहीत धरून, बाकी राहील ते सारे चरबीच्या खाती लिहून मोकळे होते. साहजिकच पाणी घटले की रोध वाढतो आणि तहानेची तूट चरबीची शिल्लक म्हणून दप्तरी दाखल होते. सीमेवरच्या प्रकृतीस ‘स्थूल’ ठरायला तेवढे पुरते. (गंमत अशी की, ऐनवेळी तांब्याभर पाणी प्यावे, तर ते वजनात भरते पण प्रवाहाच्या हिशेबात फारसे येत नाही, म्हणून तेही चरबीतच जमा!)

चरबीची मोजदाद व्यर्थ आहे, असे माझे म्हणणे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, परंतु चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१, हे त्यांनीच २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या छायाचित्रासह प्रसिद्ध केले. सडसडीत दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडून बसते, म्हणूनच तिचे मापन हलगर्जीपणे होता कामा नये.

दिवसभर पाणी का पीत नाहीस, असे नातीस विचारले, तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, प्यायलं की जावं लागतं, आणि तिथं पाऊल ठेववत नाही.” यंत्राच्या भाड्याची तजवीज करणाऱ्या महाविद्यालय-चालकांना मुलींच्या स्वच्छतागृहाची मोडकी कडी आणि कोरडा नळ दिसू नये, याचे मला चिठ्ठीतील आकड्याहून अधिक वैषम्य वाटते.

चालकांनी प्रथम तो नळ व ती कडी दुरुस्त करवावी, मग एखाद्या सकाळी, मुलांचे आदल्या दिवशीचे खाणे-पिणे नित्याप्रमाणे झाले असता, फेरतपासणी करावी. तोपर्यंत वाटलेल्या चिठ्ठ्या रद्द समजाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक