लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाताना

मैत्रिणींनो, या खेपेला पत्र आहे दारव्ह्याच्या एका भगिनीचं. लेक न्यू जर्सीत, पहिलंच बाळंतपण. तिकीट नागपूरहून मुंबई आणि पुढे दुबईमार्गे. त्या लिहितात, "डिंकाचे लाडू खसखस घालून केलेत, शेकशेगडीसाठी ओवा-शेपा बांधलाय. मोहरीची उशीही शिवली. आणखी काय नेऊ?"

ताई, आधी काय काढून ठेवायचं ते सांगते.

पहिली खसखस. आपल्याकडे ती कुठल्याही वाण्याकडे मिळते, पण येते अफूच्याच बोंडातून. दुबई ज्या अमिरातीत आहे तिथं तिच्यावर बंदी आहे. लाडवातही नको. पुढचं विमान चुकलं, सामान बाहेर घ्यावं लागलं, तर तिथं कुणाला समजावत बसणार? ते लाडू इथंच वाटून टाका. दुसरं, काजळाची डबी. त्यात शिसं असण्याची भीती म्हणून अमेरिकेत ते चालत नाही. ओला कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं हेही घरीच ठेवा.

तिथं उतरल्यावर विचारतील, खाण्याचं काही आहे का? सरळ "आहे" म्हणावं. सांगितलेली वस्तू नको असली तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो. लोणचं, ठेचा मोठ्या बॅगेत घाला. हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरहून मोठी बाटली नेऊ देत नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र हातातच, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तिकिटावरचं नाव पासपोर्टातल्यासारखंच आहे ना, ते आजच पाहा. माहेरचं-सासरचं नाव, यजमानांचं नाव यात हमखास घोळ होतो. आणि स्वतःचा विमा काढल्याशिवाय निघू नका. तिथलं दवाखान्याचं बिल जावयाच्या कमाईलाही झेपायचं नाही.

आता घरातलं. तिथं छतालाच धुराची घंटा असते. फोडणी जरा करपली तरी ती कोकलते. मग धुरी नि शेगडी कशी चालायची? शिवाय थंडीत दारं-खिडक्या बंद. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो. न्हाणीघरात टबाबाहेर पाणी सांडू नका, तिथं बहुधा मोरी नसते. आणि गाडीत बाळाला मांडीवर घेऊ देत नाहीत. पहिल्या दिवसापासून त्याची वेगळी खुर्ची लागते.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते. तिथले डॉक्टर बाळाला उताणं, वेगळ्या पाळण्यात, उशी-पांघरुणाशिवाय निजवायला सांगतात. झोपेत बाळ गुदमरू नये म्हणून ही काळजी. लेक म्हणेल, "आई, मोहरीची उशी नको." मन खट्टू होईल. आपण तिला त्याच उशीवर वाढवलं ना! डॉक्टर विचारतील ते लेकीला, आपल्याला नाही. जावई बाळंतपणाच्या खोलीत उभा असेल. तेव्हा गप्प राहणं हीच मोठी मदत असते, बरं का. ओली बाळंतीण आधीच थकलेली; तिला आईशी भांडायला लावू नका.

1883 साली आनंदीबाई जोशी याच न्यू जर्सीतल्या रोझेल गावी जाऊन राहिल्या. नऊवारीत पाय उघडे पडून थंडी बाधू लागली, तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीनं नेसायला सुरुवात केली. साडी काही सोडली नाही.

तुम्हीही तसंच करा. शेगडी नको, पण तेल लावून अंग चोळून द्या. गरम वरणभात, बिनखसखशीचा लाडू, आणि रात्री दोन वाजता बाळ रडलं की "तू नीज, मी बघते" एवढे चार शब्द. लेक त्याचीच वाट पाहत असते.

आज रात्री तिला फोन करा आणि विचारा, "काय आणू?" तिनं सांगितलेलं आधी भरा. जागा उरली तर तुमच्या मनातलं.