समुद्रातील वाटा आणि लहान होड्या

समुद्र सर्वांना मोकळा आहे, तेथे रस्ते कसले, असे किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः वर्दळीच्या सामुद्रधुनींत जहाजांसाठी जाण्याची व येण्याची अशा दोन स्वतंत्र मार्गिका नकाशावर आखलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळा पट्टा राखलेला असतो. मार्गिका ओलांडावयाची झाल्यास ती शक्यतो काटकोनात ओलांडावी, असा दंडक आहे.

इंग्लंड व फ्रान्स यांमधील डोव्हरच्या सामुद्रधुनीत १९६७ साली अशी आखणी प्रथम झाली. परंतु ती पाळणे ऐच्छिक होते. ११ जानेवारी १९७१ रोजी पेरू देशाचे ‘पाराकास’ हे जहाज जवळची वाट म्हणून उलट दिशेच्या मार्गिकेतून निघाले आणि ‘टेक्साको कॅरिबियन’ या तेलवाहू जहाजावर आदळले. दुसऱ्याच दिवशी त्या बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर ‘ब्रांडेनबुर्ग’ व पुढील महिन्यात ‘निकी’ हे जहाज आपटून बुडाले. एकूण ५१ जणांचे प्राण गेले. त्यानंतर १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियमावली तयार झाली. ती १९७७ साली अमलात आली आणि मार्गिकांची शिस्त बंधनकारक ठरली.

हा विषय आपल्या कोळी बांधवांच्याही जिव्हाळ्याचा आहे. या नियमावलीच्या दहाव्या नियमानुसार, मार्गिकेतून जाणाऱ्या जहाजाच्या वाटेत मासेमारी होडीने अडथळा आणू नये. मात्र त्यामुळे मोठ्या जहाजाची जबाबदारी संपत नाही. सतत पहारा ठेवणे आणि टक्कर टाळणे हे त्याचेही कर्तव्य आहे. जून २०१७ मध्ये कोचीनजीक आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा केरळच्याच किनाऱ्यापुढे मोठ्या जहाजांनी रात्रीच्या अंधारात मासेमारी होड्यांना धडक दिली. दोन्ही वेळा मच्छीमार प्राणास मुकले. पुढे १ ऑगस्ट २०२० पासून भारताच्या नैऋत्य सागरात व्यापारी जहाजांचे मार्ग मासेमारीच्या क्षेत्रापासून वेगळे करण्यात आले.

हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि पाण्यावर भिंत बांधता येत नाही. नकाशावरील रेषेचे बळ ती जाणणाऱ्यांवर व पाळणाऱ्यांवर अवलंबून असते. जहाजाच्या कप्तानापाशी तो नकाशा असतो. होडीवरील तांडेलापाशी तो असतोच असे नाही. शिवाय टक्कर झालीच, तर पोलादी जहाजास ओरखडा उमटतो आणि होडीवरील कुटुंबांचा आधार हरपतो. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे : जहाजांच्या मार्गांचे नकाशे सोप्या मराठीत छापून प्रत्येक मच्छीमार सोसायटीत लावले जावेत, तांडेलांना त्यांचे प्रशिक्षण मिळावे आणि नवे मार्ग आखताना मच्छीमारांचे म्हणणे आधी ऐकले जावे. आपल्या बांधवांनीही रात्री होडीवरचे दिवे पेटते ठेवावेत आणि एकाने तरी जागे राहावे. डोव्हरला शिस्त आली ती ५१ बळींनंतर. आपण तितकी किंमत मोजण्याची वाट पाहू नये.