शाळा कोणीं पारखावी?

आमचा शेतकरी बैल घ्यावयास बाजारांत गेला म्हणजे काय करतो? शिंगांना रंग कोणता लावला आहे आणि पाठीवरची झूल किती भारी आहे, हें पाहून तो सौदा करीत नाहीं. तो दांत पाहतो, खांदा चाचपतो, खूर उचलून पाहतो, आणि एवढ्यानें मन भरलें नाहीं तर मालकाला रोखठोक सांगतो, कीं बाबा, औताला जुंप आणि चार तास मारून दाखव. सारंगखेड्याच्या जत्रेंत घोडा घेणाराही तो चालवून पाहिल्यावांचून गांठीचा पैसा सोडीत नाहीं. सुतार फळी ठोकून घेतो, आमची माय मडकें बोटानें वाजवून घेते. एवढे पारखी लोक आम्ही! पण स्वतःच्या लेकराची शाळा पारखण्याची वेळ आली, कीं आमची ही सारी पारख कोठें जाते कोण जाणे! तेथें आम्ही शिंगांचा रंग पाहून सौदा करतों.

आणि रंग लावणारांची तर आज मोठी चंगळ आहे. २२ जून २०१५ रोजीं सरकारनें 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' नांवाचा निर्णय काढला. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत आमच्या धुळें जिल्ह्यांत गांवोगांव लोकवर्गणी निघाली. कापसाच्या पैशांतून, मजुरीच्या पैशांतून लोकांनीं पडदे, संगणक व प्रोजेक्टर शाळेंत आणून दिले. ज्यांनीं हा पैसा दिला त्या फाटक्या धोतराच्या लोकांस आम्ही हात जोडतों. दोष त्यांचा नाहीं. पण पुढें काय झालें, हें विचारावयास कोणी फिरकला काय? वीजबिल थकलें म्हणून कोठें यंत्र बंद पडलें, कोठें उंदरांनीं तारा कुरतडल्या, तरी फाटकावरची 'डिजिटल शाळा' ही पाटी मात्र कायम. कोठें भिंतीवर आय.एस.ओ.चें प्रमाणपत्र चौकटींत लटकत आहे. अशाच एका शाळेंत आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, कीं भिंतीवर तिसापर्यंतचे पाढे रंगविलेले, आणि त्याच भिंतीला पाठ लावून बसलेल्या सातवीच्या मुलास सातआठे किती, हें सांगतां येईना. बिचारा मागें वळून भिंतीकडे पाहूं लागला!

सरकारलाही रंगाचीच हौस. २०२४ च्या जानेवारींत 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' असें अभियान निघालें आणि राज्यांत पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचें बक्षीस ठेवलें. शाळा स्वच्छ असूं नये, झाडें लावूं नयेत, असें कोण म्हणेल? पण नांवच पाहा. माझी शाळा 'शहाणी' शाळा नव्हे, 'सुंदर' शाळा! ज्या दिवशीं तपासणीची समिती येणार, त्याच्या आधीं आठ दिवस वर्ग बंद, शिक्षक चुना कालविण्यांत आणि फोटो चढविण्यांत गुंग, पोरें पताका लावण्यांत. समितीची गाडी येते, फोटो निघतात, चहा होतो, गाडी जाते. शेवटच्या रांगेंतल्या पोराला उभें करून एक उतारा वाचावयास लावला, असें कधीं कोणी ऐकलें आहे काय?

दुसरीकडे खासगी शाळांचा बाजार. पिवळी गाडी दारांत येते, पोराच्या गळ्यांत टाय असतो, शाळेच्या नांवांत 'इंटरनॅशनल' असतें. बस्स! आमच्या भावांस वाटतें, आपलें पोर साहेब झालें. फी भरण्यासाठीं बैलजोडी जाते, मायचे मणी सराफाकडे गहाण पडतात. आणि तेथें शिकविणारी बाई कोण, तिचें शिक्षण किती, तिला महिना पगार किती मिळतो, पोर इंग्रजींत पाठ केलेल्या ओळींचा अर्थ तरी सांगूं शकतें काय, हें एकही बाप विचारीत नाहीं. अहो, मडकें वाजवून घेणारे तुम्ही, येथें मुकाट्यानें मडक्याच्या दसपट पैसा मोजून फुटकें घर आणतां!

आतां मूळ प्रश्न विचारूं. जिल्हा परिषदेची शाळा चांगली कीं वाईट, हें ठरवितो कोण? साहेब ठरवितो, ज्याचीं मुलें त्या शाळेंत नाहींत. पुढारी ठरवितो, ज्याचीं मुलें पुण्यांत आहेत. आणि आम्ही शिक्षकही ठरवितों, ज्यांपैकीं कित्येकांचीं मुलें शहरांतल्या फीवाल्या शाळेंत जातात! सत्यशोधकाच्या लेखणीनें परक्याचेंच उणें काढावें आणि घरचें झांकावें, हें आम्हांस साधणार नाहीं. १८ ऑगस्ट २०१५ रोजीं अलाहाबादच्या हायकोर्टानें निकाल दिला, कीं सरकारी पगार घेणारांनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळेंतच घालावींत. निकाल कागदावर राहिला. त्याच्याही आधीं १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें सांगितलें होतें, कीं मोठ्याचें व गरिबाचें पोर एकाच शेजारच्या शाळेंत शिकावें. तेंही कागदावरच राहिलें. जो स्वतः त्या विहिरीचें पाणी पीत नाहीं, त्यानें पाणी गोड कीं खारट हें सांगावें, असा हा न्याय आहे!

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन दिलें. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा, असें त्यांनीं मागितलें. शिक्षक कुणब्यांच्या घरचा असावा, त्यानें लोकांत मिसळावें, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ वा सुताराचा वाकस हातीं धरण्यास त्याला लाज वाटूं नये, असें त्यांनीं बजावलें. मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य इतकें शाळेंत शिकवावें, असा त्यांचा हिशेब होता. आणि निकाल पाहून पैसा देण्याची त्या वेळची पद्धत गोरगरिबांच्या शाळांस उपयोगी नाहीं, हेंही त्यांनीं तेव्हांच सांगितलें. कां? आम्हांस दिसणारें कारण असें, कीं निकालावर पैसा ठेवला म्हणजे मास्तर चार हुशार पोरें निवडतो आणि बाकीचीं वाऱ्यावर सोडतो. आज तेंच नव्या रूपानें चाललें आहे. शिष्यवृत्तीला तीन पोरें बसवावयाचीं, त्यांना रात्रंदिवस घोटावयाचें, त्यांचे फोटो वेशींत लावावयाचे, आणि त्याच वर्गांतल्या वीस पोरांना भागाकार येत नाहीं हें पोटांत ठेवावयाचें! त्या तीन पोरांचें आम्हांस कौतुकच आहे. पण शाळेची परीक्षा पहिल्या पोरावरून होत नसते, शेवटच्या पोरावरून होते. पहिलें पोर कोठेंही शिकतें. शेवटचें पोर फक्त चांगल्या शाळेंतच शिकतें. हाच आमचा मुद्दा आहे, बाकी सर्व पाल्हाळ.

कोणी म्हणेल, कीं मास्तर, आम्ही अंगठेबहाद्दर. आम्ही काय पारखणार? बंधूंनो, याच समजुतीवर भटशाहीनें हजार वर्षें राज्य केलें, आणि याच समजुतीवर आज कागदशाही राज्य करीत आहे. जानवें न घातलेले हे नवे भट आमच्याच जातींतून निघाले आहेत. त्यांची पोथी म्हणजे अहवाल, आणि त्यांचा मंत्र म्हणजे टक्केवारी. तुम्हांस वाचतां येत नसेल, हिशेब तर येतो ना? मग ऐका.

सहावी-सातवींतल्या पोराला घरीं बसवा. व्यापाऱ्याची पावती त्याच्या पुढें टाका. सहा क्विंटल चाळीस किलो कापूस, भाव सात हजार. रुपये किती झाले? चव्वेचाळीस हजार आठशें, हें तुम्हांस ठाऊकच आहे. त्याला काढतां येतें काय तें पाहा. खताची गोणी दाखवा. १०:२६:२६ असें लिहिलें आहे, गोणी पन्नास किलोची. तींत नत्र किती? पांच किलो, हें त्यानें सांगितलें पाहिजे, आणि कसें काढलें हेंही सांगितलें पाहिजे. सातबारा पुढें ठेवा. दोन हेक्टर चाळीस आर म्हणजे एकर किती? सहाला थोडें कमी. सुताराच्या घरचें पोर असेल तर साडेसहा फूट उंच व तीन फूट रुंद दाराला फळी किती चौरस फूट लागेल, हें विचारा. साडेएकोणीस आलें पाहिजे. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून आजीला समजावयास लावा. वर्तमानपत्रांतली एक बातमी वाचावयास सांगा आणि मग विचारा, कीं यांत काय लिहिलें आहे, तुझ्या शब्दांत सांग. 'प्रथम' या संस्थेचे 'असर'वाले कार्यकर्ते २००५ सालापासून हेंच करीत आले: खेड्यापाड्यांत घरीं जाऊन पोरापुढें दुसरीच्या तोडीचा उतारा आणि साधा भागाकार ठेवतात. जें परका येऊन करतो, तें मायबापांनीं कां करूं नये?

आणि एक परीक्षा आमच्या खानदेशची खास आहे. पोर घरांत अहिराणी बोलतें. शाळेंत तें 'कसाले?' असें विचारतें तेव्हां मास्तर काय करतो? हंसतो? दटावतो? शुद्ध बोल म्हणून खालीं बसवितो? कीं त्याचा प्रश्न ऐकून उत्तर देतो आणि मग 'कशासाठीं' हा पुस्तकी शब्द त्याच्या ओंजळींत घालतो? साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवरच्या भिल्ल, पावरा व कोकणी लेकरांना तर ही अडचण दुप्पट. ज्या शाळेंत 'कसाले?' हा शब्द मोठ्यानें ऐकूं येतो, ती शाळा जिवंत. जेथें सगळीं पोरें गप्प आहेत आणि साहेब म्हणतात 'वा, काय शिस्त!', ती शाळा मेली असें समजा.

कायद्याचीं मापेंही ध्यानांत ठेवा; तीं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत आहेत आणि तुमच्या बापाच्या मालकीचीं आहेत. सहावी ते आठवीला वर्षांत २२० दिवस आणि १००० तास शाळा भरली पाहिजे. प्रत्येक वर्गाला निदान एक शिक्षक, आणि त्यांत गणित-विज्ञान, समाजशास्त्र व भाषा यांचा एक-एक जाणता असावा. पस्तीस मुलांमागें एक शिक्षक. जनगणना, निवडणूक आणि आपत्ति यांखेरीज बाहेरचें काम शिक्षकाला सांगूं नये. तुमच्या शाळेंत शिक्षक किती दिवस वर्गांत होता आणि किती दिवस यादी, माहिती व फोटो यांच्या मागें होता, याची खडूनें भिंतीवर नोंद करा. जो शिक्षक उशिरा येतो आणि गाडीच्या वेळेवर निघतो त्याचाही हिशेब त्याच भिंतीवर लिहा. आमची त्यास हरकत नाहीं. खऱ्या शिक्षकाला अशा हिशेबाची भीति नसते, उलट तो त्याचा कैवारी असतो.

हें आजच कां सांगतों? कारण चुकीच्या पारखीनें शाळा मरतात. लोक रंग पाहून पोरें काढून नेतात, पट घटतो, आणि पट घटला कीं सरकार म्हणतें, शाळा कशाला? सप्टेंबर २०२३ मध्यें कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले, आणि दाखला दिला कोणाचा? एके काळीं आमच्याच धुळें जिल्ह्यांत असलेल्या तोरणमाळचा! पुढें १५ मार्च २०२४ च्या निर्णयानें शिक्षकांची मंजुरी पटाच्या आंकड्याशीं आणखी घट्ट बांधली. विसाच्या आंतल्या वरच्या वर्गांना नियमित शिक्षक उरणार नाहीं, अशी शिक्षकसंघटनांनीं ओरड केली. गांवची सातवी बंद पडली तर ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याचा मुलगा तालुक्याला जाईल. पण कुणब्याची, कुंभाराची, भिल्लाची बारा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून, कपाशींतल्या वाटेनें चार कोस जाईल काय? तिचा बाप तिला घरीं बसवील, आणि मग तिच्या लग्नाचीं बोलणीं सुरू होतील. शाळेला लागलेलें कुलूप तिच्या नशिबाला लागेल. १८४८ सालीं जोतीराव-सावित्रीबाईंनीं जें दार उघडलें, तें आम्ही आंकडे मोजून बंद करणार काय?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक आहेत आणि निम्म्या बाया आहेत. ही समिति सरपंचाच्या ओट्यावर सह्या करण्यासाठीं नाहीं. येत्या बैठकीला कोरा कागद सहीस आला तर हात आंखडा. सांगा, कीं आधीं वर्गांतलीं शेवटचीं पांच पोरें आमच्या समोर उभीं करा, त्यांना वाचूं द्या, त्यांना हिशेब करूं द्या, मग सही. त्यांना आलें तर शिक्षकाला सर्व गांवादेखत शाबासकी द्या, आणि शिक्षक कमी असेल तर पंचायत समितीच्या दारांत बसून शिक्षक मागा. त्यांना आलें नाहीं तर पोर काढून नेऊं नका. विचारा, कां आलें नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत पुन्हा विचारा. शाळा सोडून जाणारा बाप एका पोराचें भलें करूं पाहतो. शाळेंत उभा राहून जाब विचारणारा बाप सगळ्या गांवाचें भलें करतो.

बैलाचे दांत पाहणाऱ्या हातांनो, आतां शाळेचे दांत पाहा. रंग पावसांत धुऊन जाईल. लेकराला आलेली अक्षरें जाणार नाहींत.