संमतीचे सोंग

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. नागपूरचे न्या. शरद बोबडे त्या पीठावर होते. आज त्याच नागपुरात सीताबर्डीवरचा एखादा बेकार तरुण मोबाइलवर नोकरी शोधू लागला, की आधी त्याच्यापुढे ‘कुकीज स्वीकारा’ अशी पाटी उभी राहते. नाव बिस्किटाचे, वस्तू म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्याच यंत्रात ठेवलेली खूणचिठ्ठी. १९९४ मध्ये ती निघाली, तेव्हा गिऱ्हाइकाची खरेदी लक्षात ठेवणे एवढाच तिचा हेतू होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी असंख्य स्थळांवर आपल्या चिठ्ठ्या पेरल्या आणि माणसाच्या आवडीचा, आजाराचा, अडचणीचा माग हा विकाऊ माल झाला. ‘स्वीकारा’ची कळ ठळक, नकाराची बहुधा दोन पडद्यांआड! याला संमती म्हणायचे, तर सावकाराने कोऱ्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यालाही करार म्हणावे लागेल. संमती मुक्त व विनाअट असावी, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सांगतो खरा. पण शासन अधिसूचित करील त्या सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही त्यातच आहे. नकाराची कळ स्वीकाराइतकीच ठळक असावी आणि नकार देणाऱ्यास दारातून परत धाडू नये, एवढी स्पष्ट सक्ती तरी सरकारने करावी.