सायलेन्सर बदलताय? आधी हे वाचा

‘आतली जाळी काढली की गाडी ओढते’, असं मिस्त्री सांगतो आणि पोरं बुलेट फोडून आणतात. मंडळी, वाढतो तो आवाज! मागं खताचं पोतं टाकून शेतरस्त्यानं जाताना लागते ती कमी वेगातली ओढ, ती उलट घटते. धुराला थोडा अडसर कंपनीनं हिशेबानंच ठेवलेला असतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तो काढला की पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं.

१७५ सीसीवरच्या दुचाकीला मर्यादा ८० डेसिबलची. २०१९ च्या दुरुस्तीनं पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन गेलं म्हणा. वर लायसन तीन महिने बाद.

सायलेन्सर गंजलाच असेल तर त्याच मॉडेलचा, कंपनीचाच घ्या. इंजिनाजवळचं गॅस्केटही नवं टाका, नाहीतर नवा सायलेन्सरसुद्धा फडफडतो.